दिवाळखोरीआधीचे २९२ तास

१२ एप्रिल २०२२ च्या मंगळवारी दुपारी श्रीलंकेच्या अर्थखात्याने जाहीर केले की परदेशी कर्जाची परतफेड तूर्त थांबवली आहे. १९४८ साली स्वतंत्र झाल्यापासून या देशाचा एकही परदेशी हप्ता चुकला नव्हता. आता ५१ अब्ज डॉलरच्या परदेशी कर्जाचा प्रश्न होता. शेवटचे बारा दिवस अशा झपाट्याने गेले की ते तासांतच सांगावे लागतात. ज्या तुटीने हे दिवस दाखवले तिचे वय मात्र पंचेचाळीस वर्षे होते आणि ती दरवर्षी केंद्रीय बँकेच्या अहवालात ठळक छापून येत होती. म्हणून खालच्या नोंदींत तास पुढे सरकतात आणि कारणे मागे मागे जातात. वाचकाची थोडी ओढाताण होईल, इलाज नाही.

गुरुवार, ३१ मार्च, सकाळी ८. उरलेले तास: २९२

आज तेरा तास वीज नाही. रस्त्यांवरचे दिवेही बंद ठेवायला सांगितले आहेत. कोलंबोच्या शेअर बाजाराचे कामकाज या आठवड्यात दोन तासांवर आणले आहे. पेराडेनियाच्या शिक्षण रुग्णालयाने औषधे नाहीत म्हणून आधी ठरलेल्या शस्त्रक्रिया थांबवल्या. योगायोगाने त्याच दिवसांत भारताचे परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर कोलंबोत होते; ती बातमी वाचून त्यांनी आपल्या उच्चायुक्तांना मदतीचे पाहायला सांगितले. पश्चिम प्रांतातल्या शाळांच्या सत्र परीक्षा पुढे गेल्या आहेत, कारण प्रश्नपत्रिका छापायला कागद नाही. ‘द आयलंड’ आणि ‘दिवयिन’ या वृत्तपत्रांनी शनिवारचा छापील अंक बंद केला तोही कागदापायी. पेट्रोल-रॉकेलच्या रांगेत उभे असताना दोन वृद्ध दगावले, त्याला दहाबारा दिवस झाले.

वीज का नाही? धरणांतले पाणी आटलेले, आणि औष्णिक केंद्रांना जाळायला तेल नाही. तेल का नाही? तेल आहे, पण समुद्रात आहे. पेट्रोलचेच घ्या: भरलेले एक जहाज २८ मार्चपासून लंकेच्या हद्दीत नांगर टाकून उभे आहे. पुरवठादाराचे म्हणणे सरळ आहे: जानेवारीत दिलेल्या पेट्रोलचे ५ कोटी ३० लाख डॉलर आधी चुकते करा, मग या खेपेचे द्या, मगच नळी जोडू. त्यात जहाजाचे डेमरेज, म्हणजे थांबून राहिल्याचे भाडे, दिवसागणिक चढते, आणि तेही डॉलरमध्येच.

आता डॉलरचा हिशेब. २०२१ मध्ये श्रीलंकेने साडेबारा अब्ज डॉलरचा माल बाहेर विकला आणि साडेवीस अब्जांहून थोडा जास्त माल आत आणला. तूट आठ अब्जांच्या वर. आयातीतले ३.७ अब्ज नुसत्या इंधनाचे. विकायला काय, तर कपडे, चहा, रबर, नारळ, मसाले. कपड्यांचे पाच अब्ज ऐकायला मोठे वाटतात, पण त्यातले बरेचसे कापड आधी डॉलर मोजूनच आलेले असते.

संध्याकाळी ७. उरलेले तास: २८१

मिरिहाना हे कोलंबोचे उपनगर. तिथल्या पंगिरिवत्त रस्त्यावर राष्ट्राध्यक्ष गोटाबाया राजपक्षे यांचे खासगी घर आहे. मेणबत्त्या घेतलेली माणसे त्या दिशेने चालू लागली आहेत. यांना कोणत्याही पक्षाने बोलावलेले नाही. घरात पंखा नाही, गॅस नाही, अंधार आहे, तेव्हा ज्याच्या घरी वीज आहे त्याच्या दारात जाऊ, असा हा मामला. रात्री उशिरापर्यंत अश्रुधूर, पाण्याचे फवारे, जळलेली लष्करी बस.

हाच माणूस नोव्हेंबर २०१९ मध्ये भरघोस मतांनी निवडून आला होता. एप्रिल २०१९ च्या ईस्टर बॉम्बस्फोटांनंतर लोकांना खमक्या माणूस हवा होता. गादीवर बसल्या बसल्या त्यांनी व्हॅट १५ टक्क्यांवरून ८ वर आणला आणि इतरही कर कापले. सरकारचे उत्पन्न देशाच्या उत्पन्नाच्या जेमतेम आठ टक्क्यांवर घसरले. करकपातीचा आणि व्यापारतुटीचा काय संबंध, असे वाटेल. संबंध थेट आहे. पतमापन संस्थांनी कोविड येताच दर्जा उतरवला, परदेशी रोखेबाजाराचे दार लंकेला बंद झाले, आणि तुटीचे भगदाड ज्या उसन्या डॉलरने बुजवले जात होते ते डॉलर येईनासे झाले. सरकारने मग नोटा छापल्या. छापलेल्या रुपयाने माणूस आयात मालच मागतो.

शुक्रवार, १ एप्रिल, रात्री उशिरा. उरलेले तास: अडीचशेच्या आसपास

राजपत्र निघाले. आणीबाणी.

शनिवार, २ एप्रिल, संध्याकाळी ६. उरलेले तास: २३४

सोमवारी सकाळी सहापर्यंत, म्हणजे छत्तीस तास, देशभर संचारबंदी. आजच भारताकडून ४०,००० टन डिझेल कोलंबोत पोहोचले आहे. हे फुकट नाही, उधारीवर आहे.

या उधारीचा पत्ता मुंबईचा आहे. जानेवारीत रिझर्व्ह बँकेने ४० कोटी डॉलरची चलन-अदलाबदल दिली. फेब्रुवारीत एक्झिम बँकेने इंधनासाठी ५० कोटी डॉलरची पतमर्यादा उघडली. १७ मार्चला स्टेट बँकेने अन्न, औषधे आणि इतर जिनसांसाठी एक अब्ज. फोर्ट, कफ परेड आणि नरिमन पॉइंट यांच्यामधल्या दीड-दोन मैलांत त्या महिन्यांत लंकेची चूल पेटत होती म्हणायला हरकत नाही. आणि या इमारतींना अशा वेळेची ओळख नव्हती असेही नाही. जुलै १९९१ मध्ये याच रिझर्व्ह बँकेने जवळपास ४७ टन सोने मुंबईहून विमानाने बाहेर पाठवले होते आणि ४० कोटी डॉलर उभे केले होते. श्रीलंकेनेही २०२१ च्या अखेरीस साठ्यातले निम्म्याहून अधिक सोने काढले. फरक एवढाच की आपण सोने गहाण टाकले ते हप्ता चुकू नये म्हणून आणि लगोलग धोरणही बदलले. लंकेने सोने विकले ते धोरण न बदलता आणखी काही आठवडे ढकलता यावेत म्हणून.

आपल्या बाजूनेही धाकधूक होतीच. लासलगावच्या कांद्याचे बांगलादेश, मलेशिया, आखात यांच्या जोडीने श्रीलंका हे जुने गिऱ्हाईक. कोलंबोच्या पेट्टा बाजारात नाशिकचा कांदा ही रोजची गोष्ट. पण लंकेतल्या बँकेला एलसी, म्हणजे पैसे मिळण्याची हमी देणारे पत्र, उघडायलाच डॉलर मिळेना, तर इथला व्यापारी कंटेनर कशाच्या भरवशावर भरणार? ऑक्टोबर २०२१ मध्येच कोलंबो बंदरात साखर, डाळ, तांदूळ असे जिन्नस भरलेले हजारभर कंटेनर अडकून पडले होते. आयातदार हजर, माल हजर, डॉलर गैरहजर.

रविवार, ३ एप्रिल, मध्यरात्र. उरलेले तास: २२८

फेसबुक, व्हॉट्सॲप, ट्विटर, यूट्यूब बंद. सत्ताधारी घराण्यातलाच मंत्री, नामल राजपक्षे, या बंदीवर नाराजी दाखवतो. दुपारनंतर बंदी उठते.

एवढ्या वेळात आखातातल्या आयांचे आणि घरच्या लेकरांचे बोलणे तुटले, ही बाब सरकारला किरकोळ वाटली असावी. ती तशी नाही. कुवेत, सौदी, कतारमध्ये मोलकरीण म्हणून, चालक म्हणून, बांधकामावर राबणाऱ्या लोकांनी २०२० मध्ये ७.१ अब्ज डॉलर घरी पाठवले होते. व्यापारातल्या तुटीचे सर्वांत मोठे ठिगळ तेच. चहाच्या निर्यातीच्या पाचपटीहून अधिक! २०२१ मध्ये हा आकडा साडेपाच अब्जांवर आला. माणसे कमी झाली नव्हती आणि त्यांची माया आटली नव्हती. केंद्रीय बँकेने डॉलरचा भाव २०० ते २०३ रुपयांवर बांधून ठेवला होता आणि बाहेर ‘उंडियल’वाला, म्हणजे आपल्याकडचा हवालावाला, २४० देत होता. महिन्याला ३०० डॉलर पाठवणाऱ्या बाईला बँकेतून पाठवले तर घरी साठ हजार पोहोचत, उंडियलने बहात्तर हजार. बारा हजार रुपये देशप्रेमापोटी कोण सोडेल? तिने डॉलर तिकडेच उंडियलवाल्याच्या हातात दिले, इकडे पोराला रुपये मिळाले आणि ते डॉलर देशात आलेच नाहीत.

७ मार्चला बँकेने भावाची दोरी सोडली तोवर फार उशीर झाला होता. महिन्याच्या आत डॉलर तीनशेच्या आसपास पोहोचला. वेळेवर हळूहळू सोडली असती तर हाच रुपया इतक्या जोरात आपटला नसता, असे माझे मत आहे. ते अनेकांचे आहे, नवे नाही.

रविवार, रात्री ११. उरलेले तास: २०५

थोरले बंधू पंतप्रधान महिंदा आणि धाकटे राष्ट्राध्यक्ष गोटाबाया सोडून सगळ्या, म्हणजे २६ मंत्र्यांनी राजीनामे दिले. अर्थमंत्री बासिल हेही बंधूच.

सोमवार, ४ एप्रिल, सकाळ. उरलेले तास: १९५

केंद्रीय बँकेचे गव्हर्नर अजित निवार्ड कब्राल यांनी राजीनामा देऊ केला. इथे थांबायला हवे, कारण या घटनाक्रमातला सर्वांत महागडा तास मार्च-एप्रिलमधला नाहीच. तो १८ जानेवारी २०२२ चा आहे.

त्या दिवशी श्रीलंकेने ५० कोटी डॉलरचे परदेशी रोखे मुदतीवर फेडले. गव्हर्नरांनी ट्विट करून कळवले. देशातले अर्थतज्ज्ञ महिनोन् महिने सांगत होते की हे पैसे देऊ नका, सावकारांशी बोलणी करा, आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे जा, आहेत ते डॉलर तेल-औषधांना ठेवा. कब्राल यांचा ठेका एकच: आपण कधी हप्ता चुकवलेला नाही, नाणेनिधीची गरज नाही, ऑक्टोबरात काढलेला सहा महिन्यांचा आराखडा पुरेसा आहे. २०२१ च्या इंधन-खर्चाच्या हिशेबाने ते ५० कोटी म्हणजे दीड महिन्याहून अधिक काळाचे पेट्रोल-डिझेल. ज्यांना पैसे मिळाले त्यांच्यातल्या अनेकांनी ते रोखे पडत्या भावात घेतले असणार, कारण बाजाराने दिवाळखोरी आधीच गृहीत धरली होती. इज्जत राखली ती न्यूयॉर्क-लंडनच्या रोखेबाजारात. किंमत मोजली ती रांगेतल्या माणसाने.

या रोख्यांची कथा २००७ पासूनची. यादवी युद्ध चालू होते, लंका मध्यम उत्पन्नाच्या देशांत गणली जाऊ लागल्याने स्वस्त, दीर्घ मुदतीची कर्जे मिळेनाशी झाली होती. ऑक्टोबर २००७ मध्ये पहिले ५० कोटी डॉलरचे रोखे काढले, सव्वाआठ टक्क्यांनी, पाच वर्षांच्या मुदतीचे. चटक लागली. २०२१ पर्यंत परदेशी कर्जातला एक-तृतीयांशाहून मोठा वाटा अशा रोख्यांचा झाला होता. हे पैसे घेऊन जे बांधले त्यातून रुपये मिळत होते, फेड मात्र डॉलरमध्ये. निर्यात वाढवणारे त्यात फार थोडे.

आपल्याकडे मात्र व्हॉट्सॲपवर एकच निकाल फिरत होता: चीनने गिळले. हंबनटोटा बंदर २०१७ मध्ये ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने चिनी कंपनीला गेले, हे खरे. पण त्याचे १.१ अब्ज डॉलर चीनचे कर्ज फेडण्यात गेले नाहीत. ते गंगाजळीत गेले आणि इतर देणी भागवायला कामी आले. चीनचा वाटा सरकारी हिशेबाने दहा टक्के, सरकारी कंपन्यांची कर्जे धरली तर वीसच्या आसपास. सर्वांत मोठा सावकार न्यूयॉर्क-लंडनच्या बाजारात होता आणि त्याला चेहरा नव्हता. चीनचा दोष वेगळा आहे, तो पुढे येतो.

मंगळवार, ५ एप्रिल. उरलेले तास: १७० च्या आत

काल नेमलेले अर्थमंत्री अली साब्री यांनी चोवीस तासांत राजीनामा दिला. संसदेत चाळीसहून अधिक खासदार आघाडीतून फुटून स्वतंत्र बसले, सरकारचे बहुमत गेले. रात्री आणीबाणी मागे. (साब्री पुढे कामावर राहिलेच. दुसरे कुणी खुर्चीत बसायला तयार नव्हते.)

बुधवार, ६ एप्रिल. उरलेले तास: दीडशेहून कमी

राजधानीत या दिवशी लिहिण्यासारखे फार घडले नाही, म्हणून गावाकडे पाहू. ‘महा’ या मुख्य हंगामाचे भात नुकतेच घरात आले आहे आणि ते बरेच कमी आहे. एप्रिल २०२१ च्या अखेरीस मंत्रिमंडळाने ठरवले आणि मे महिन्यात राजपत्र निघाले: रासायनिक खते, कीटकनाशके यांची आयात बंद, संपूर्ण देश सेंद्रिय. जगाला सांगितलेले कारण आरोग्याचे होते. पण २०२० मध्ये खतांच्या आयातीवर सुमारे २६ कोटी डॉलर गेले होते आणि तिजोरीत डॉलर नव्हते, हे शेंबडे पोरही सांगेल. सेंद्रिय खत म्हणून चीनहून आलेल्या जहाजातल्या मालात घातक जिवाणू सापडले, माल नाकारला, तर चिनी कंपनीशी भांडण होऊन शेवटी न उतरवलेल्या खताचे ६७ लाख डॉलर द्यावे लागले. डॉलर वाचवायच्या योजनेत डॉलर गेले ते असे.

नोव्हेंबरात बंदी मागे घेतली, तोवर पेरणीचा काळ निघून गेला होता. तांदळात स्वयंपूर्ण असलेला देश तांदूळ आयात करू लागला. चहालाही खत लागते. आणि चहा म्हणजे डॉलर.

हळदीचेही तसेच. आयात बंद केली, देशात पुरेशी पिकत नव्हती, भाव कडाडले आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यावरून रात्री होड्या भरून हळद चोरून जाऊ लागली. रामेश्वरम-मंडपमच्या बाजूला हळदीची पोती जप्त झाल्याच्या बातम्या तेव्हा नेमाने येत. आयातबंदीने तूट कमी दिसते, माणसाच्या आमटीतली हळद कमी होत नाही.

गुरुवार, ७ एप्रिल. उरलेले तास: १२०

नंदलाल वीरसिंघे यांनी गव्हर्नरपद घेतले. याच बँकेत डेप्युटी गव्हर्नर होते, निवृत्त होऊन ऑस्ट्रेलियात राहत होते. खुर्चीत बसल्यावर त्यांच्यासमोर आलेला कागद असा: मार्चअखेर गंगाजळी १.९ अब्ज डॉलर. पैकी दीड अब्ज म्हणजे चीनशी केलेल्या चलन-अदलाबदलीतले १० अब्ज युआन. त्या कराराची अट अशी की तीन महिन्यांच्या आयातीपुरती गंगाजळी असेल तरच ते वापरता येतील. म्हणजे गरज नसेल तेव्हा वापरा. हाच तो चीनचा दोष; पण सही करणाऱ्याने अट वाचली नव्हती काय? उरलेल्यात सोने आणि किरकोळ. प्रत्यक्ष हातात येण्याजोगे डॉलर पुढच्या महिन्यात अर्थमंत्र्यांनी संसदेत सांगितले: पाच कोटींहूनही कमी. २ कोटी २० लाख लोकांच्या देशाचे. २०१९ च्या अखेरीस हीच गंगाजळी ७.६ अब्ज होती.

शुक्रवार, ८ एप्रिल, संध्याकाळ. उरलेले तास: ९०

व्याजदर एका फटक्यात सात टक्क्यांनी वर: ठेवीचा साडेतेरा, कर्जाचा साडेचौदा. इतकी वाढ या बँकेने कधी केली नव्हती. महागाई मार्चमध्ये १८.७ टक्के, अन्नाची ३० च्या वर.

शनिवार, ९ एप्रिल. उरलेले तास: ७२

गॉल फेस हे कोलंबोचे समुद्रकाठचे मोकळे मैदान. समोर राष्ट्राध्यक्षांचे सचिवालय. हजारो लोक जमले, पावसात भिजले, आणि घरी गेले नाहीत. तंबू पडले, वाचनालय झाले, दवाखाना झाला. नाव पडले ‘गोटा गो गम’, म्हणजे ‘गोटा चालता हो’ गाव.

त्या गर्दीतल्या म्हाताऱ्यांना रांगा नव्या नव्हत्या. १९७० ते ७७ या सिरिमावो बंदारनायकेंच्या काळात पावासाठी पहाटे रांग लागे, तांदूळ एका जिल्ह्यातून दुसऱ्यात न्यायला बंदी होती. आयात इतकी आवळली होती की १९७७ मध्ये देशाच्या मालव्यापारात चक्क शिल्लक पडली. त्याच वर्षी लोकांनी त्या सरकारला पार झोपवले. जे. आर. जयवर्धने आले, बाजार खुला झाला, दुकाने भरली, आणि त्यानंतर आजतागायत एकाही वर्षी मालव्यापारात शिल्लक पडलेली नाही. ज्या एका वर्षी वही जुळली त्या वर्षी जनता उपाशी होती. तूट वाईट आणि शिल्लक चांगली असे शाळकरी गणित इथे चालत नाही.

तूट असणे हा गुन्हा नव्हे. सिंगापूरनेही दशकानुदशके तूट सोसली. प्रश्न असतो तूट भरते कशाने. लंकेची भरत होती आखातातल्या घामाने आणि समुद्रकिनाऱ्यावरच्या पाहुण्यांनी. २०१८ मध्ये २३ लाख पर्यटक आले, ४.४ अब्ज डॉलर देऊन गेले. मग बॉम्बस्फोट, मग कोविड. २०२२ च्या जानेवारीपर्यंत पुन्हा पाहुणे येऊ लागले होते, त्यांत रशियन आणि युक्रेनी आघाडीवर. २४ फेब्रुवारीला ते दोन देश एकमेकांशी लढू लागले आणि तेल शंभर डॉलरच्या पार गेले.

आणि निर्यात? खरे दुखणे तिथे. २००० साली माल आणि सेवा मिळून निर्यात देशाच्या उत्पन्नाच्या ३९ टक्के होती. २०१० नंतर ती वीसच्या आसपास रेंगाळली. कपड्यांपुढे नवे काही उभे राहिले नाही. आयातीवर जकात, वर उपकर, वर आणखी अधिभार असे थर चढवले गेले; त्यामुळे देशातल्या देशात विकणे फायद्याचे, बाहेर विकणे तोट्याचे. मानवी हक्कांच्या मुद्द्यावर २०१० मध्ये युरोपची जीएसपी प्लस ही आयातशुल्कातली सवलत गेली ती २०१७ मध्ये परत आली. व्हिएतनाम, बांगलादेश या वर्षांत कुठल्या कुठे गेले.

डिसेंबर २०२१ मध्ये तर इराणच्या तेलाचे जुने २५ कोटी डॉलर देणे चहा देऊन फेडायचे ठरले, महिन्याला ५० लाख डॉलरचा चहा. १९५२ मध्ये चीनला रबर देऊन तांदूळ घेतला होता, तेव्हा तो मुत्सद्देगिरीचा डाव होता. सत्तर वर्षांनी तीच चाल नाइलाज म्हणून आली.

सोमवार, ११ एप्रिल, संध्याकाळ. उरलेले तास: १६ च्या आसपास

पंतप्रधान महिंदा राजपक्षे दूरचित्रवाणीवर. म्हणाले, रस्त्यावर घालवलेल्या प्रत्येक सेकंदाला देशात येऊ शकणारे डॉलर गमावले जातात. डॉलर गमावण्याबद्दल या घराण्याने सांगावे!

मंगळवार, १२ एप्रिल, दुपार. ०

सिंहली-तमिळ नववर्ष दोन दिवसांवर. या सणात दूध उतू घालण्याचा, चूल पेटवण्याचा, पहिल्या देवाणघेवाणीचा असे सगळे मुहूर्त ज्योतिषी काढून देतात. यंदा दूध-भुकटी मिळेना आणि गॅसच्या टाकीसाठी रांग.

अर्थखात्याचे निवेदन निघाले. रोखेधारक, देश, परदेशी बँका यांची देणी तूर्त थांबवली. सावकारांनी व्याज मुद्दलात मिळवावे किंवा लंकेच्या रुपयांत घ्यावे. वीरसिंघे म्हणाले, देणी देणे आता अवघड आणि अशक्य झाले आहे. आहे ते परकीय चलन आवश्यक आयातीला वापरू. डॉलर सव्वातीनशेच्या घरात. दुसऱ्या दिवशी त्यांनी परदेशातल्या लंकावासीयांना आवाहन केले: अमेरिका, ब्रिटन, जर्मनीतल्या या खात्यांत देणग्या पाठवा, फक्त अन्न, तेल आणि औषधांवर खर्च करू. केंद्रीय बँक वर्गणी मागत होती.

१८ एप्रिलचे ७ कोटी ८० लाख डॉलर व्याज दिले गेले नाही. तीस दिवसांची सवलत १८ मेला संपली आणि दिवाळखोरी कागदोपत्रीही पक्की झाली. त्याआधी दोन दिवस नवे पंतप्रधान रनिल विक्रमसिंघे यांनी देशाला सांगितले की पेट्रोल एका दिवसापुरते आहे, कच्चे तेल आणि फर्नेस ऑइलची तीन जहाजे चाळीस दिवसांहून अधिक काळ समुद्रात उभी आहेत आणि तिजोरीला दहा लाख डॉलर जमवणेही जड जात आहे. जूनअखेर अत्यावश्यक सेवांखेरीज कुणालाही इंधन विकणे बंद झाले. ९ जुलैला लोक राष्ट्राध्यक्षांच्या निवासात शिरले. १३ तारखेला गोटाबाया हवाई दलाच्या विमानाने मालदीवला गेले. सप्टेंबरात महागाई ७० टक्क्यांना टेकली.

नाणेनिधीचे जवळपास तीन अब्ज डॉलरचे कर्ज मार्च २०२३ मध्ये मंजूर झाले. हा लंकेचा सतरावा करार. आधीच्या सोळांपैकी पहिला १९६५ चा. २०२३ मध्ये मालव्यापारातली तूट पाच अब्जांच्या आत आली. त्यात निर्यातीचे कर्तृत्व नव्हते. लोकांनी कमी खाल्ले, कमी फिरले आणि गाड्यांच्या आयातीवर २०२० पासूनची बंदी चालूच होती. २०२४ मध्ये तूट पुन्हा सहा अब्जांवर गेली. डिसेंबर २०२४ मध्ये रोखेधारकांशी तडजोड झाली. फेब्रुवारी २०२५ पासून खासगी गाड्यांची आयात पुन्हा सुरू झाली आणि जपानी मोटारी बंदरात उतरू लागल्या. दोन महिन्यांनी लंकेच्या कपड्यांचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक असलेल्या अमेरिकेने ४४ टक्के आयातशुल्क जाहीर केले; घासाघीस होऊन ते २० वर आले. तडजोडीतल्या परदेशी कर्जाच्या फेडीचा मोठा भार २०२८ पासून सुरू व्हायचा आहे.